एकशे दहा बाय सत्तर

रोह्यासमोर नदीपलीकडे असलेल्या आमच्या अष्टमी गावात मला ओळखणारी माणसं दोन प्रकारची आहेत. वयस्कर माणसं "काय सिस्टर, बरं हाय ना?" म्हणून हात करतात. आणि जी आता वीस-बावीसची झाली आहेत, ती पोरं मला लांबून बघितलं की पोट आत घेतात. संध्याकाळी पुलावरून रोह्याकडे फेरी मारायला निघते तेव्हा समोरून येणारा एखादा मुलगा एकदम ताठ होतो, श्वास रोखतो आणि मी मागे पडेपर्यंत तसाच चालत राहतो. हा कधीतरी माझ्या टेपखालून गेलेला आहे हे मी ओळखते. मलाही हसू येतं, कारण तेवढ्या वेळात मीही माझं पोट आत घेतलेलं असतं.

नोकरीची शेवटची बारा वर्षं मी शाळांची आरोग्य तपासणी करणाऱ्या पथकात परिचारिका होते. पथक म्हणजे एक डॉक्टर, एक औषधं देणारा, मी आणि एक जीप, जिचा मागचा दरवाजा फक्त ड्रायव्हरलाच उघडता यायचा. आज रोहा तालुक्यातली शाळा, उद्या पेणची. वर्गातली बाकं बाजूला सारायची, कोपऱ्यात वजनकाटा, भिंतीला उंचीची पट्टी, खिडकीपाशी डोळ्यांचा तक्ता. मग रांग. दीडशे पोरं एकाच वेळी फिदीफिदी हसत असताना त्यातल्या एकाच्या नाडीचे ठोके मोजणं म्हणजे काय, हे ज्यानं केलं नाही त्याला सांगून कळायचं नाही.

आम्हाला शिकवलं होतं ते बारीक पोरं शोधायला. डोळ्याची खालची पापणी ओढून रक्त बघायचं, जंताच्या गोळ्या द्यायच्या, दंडाचा घेर बघायचा. हडकुळं मूल समोर आलं की आमचे कान टवकारायचे. त्यामुळे एखादं गुटगुटीत, गालावर तकाकी असलेलं मूल आलं की हायसं वाटायचं. चला, एक तरी बिनघोर. मी तर अशा पोरांचा गालगुच्चा घेऊन त्यांना पुढे ढकलायची. आयुष्यभराची सवय होती ती, आणि पुढे मला तीच नडली.

मग एके वर्षी वरून आदेश आला की मोठ्या वर्गांतल्या मुलांची कंबर मोजा आणि रक्तदाबही बघा. आम्ही जीपमध्ये बसून पोट धरून हसलो. रक्तदाब म्हणजे पेन्शनीत निघालेल्या माणसांचा विषय. आठवी-नववीच्या पोरांना कसला आलाय दाब? पण आदेश तो आदेश. मी नवी टेप घेतली.

कंबर मोजणं दिसतं तितकं सोपं नाही. पॅंटचा पट्टा बांधतात ती कंबर नव्हे. पोट सुटलं की पट्टा खाली घसरतो आणि माणूस वर्षानुवर्षं एकाच मापाची पॅंट घालून खूश असतो. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध टेप धरायची, पोराला श्वास सोडायला सांगायचं आणि सोडल्याबरोबर आकडा वाचायचा. पोरं श्वास सोडतच नाहीत. फोटो काढायला उभी केल्यासारखी छाती फुगवून उभी राहतात. त्यावर माझी एक युक्ती होती. मी त्यांना स्वतःचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव, गाव, तालुका, जिल्हा एका दमात म्हणायला लावायची. तालुक्यापर्यंत हवा संपते आणि पोट जिथल्या तिथे येतं.

टेप नसली तर दोरीवर भागतं. पोराच्या उंचीइतकी सुतळी तोडायची, मधोमध दुमडायची आणि कमरेभोवती फिरवायची. टोकं जुळली तर ठीक. नाही जुळली तर उंचीच्या मानानं पोट जास्त. पोटाच्या आत जी चरबी साठते तीच पुढे साखर आणि रक्तदाब घेऊन येते, म्हणून वजनकाट्यापेक्षा माझा या दोरीवर जास्त विश्वास. रोहा तालुक्यातल्या एका शाळेत मी हे दाखवलं आणि जेवणाच्या सुट्टीत परत आले, तर मुख्याध्यापक ऑफिसचं दार अर्धवट लोटून स्वतःभोवती दोरी गुंडाळत होते. दोन टोकांत चांगलं वीतभर अंतर होतं. मला बघून म्हणाले, सिस्टर, ही सुतळी दमट हवेनं आखडलेली दिसते. मी म्हटलं, असेल.

पेणला एकदा अकरावीतला एक मुलगा रांग चुकवून गणपतीच्या कारखान्यात पळाला. मीही हट्टाची, टेप घेऊन तिथेच गेले. तो मांडी घालून मूर्तीच्या डोळ्यांची आखणी करत बसला होता. हात इतका स्थिर, की मी दारातच थांबले. कॉलेज सुटलं की अंधार पडेपर्यंत आणि सुट्टीत तर दिवसभर तो तसाच बसायचा. बाजूला शेवेची पुडी आणि थंड पेयाची बाटली. मी कंबर मोजून तोंड वाकडं केलं, तर त्यानं चारी बाजूंच्या फळ्यांवरच्या मूर्तींकडे ब्रश फिरवला आणि विचारलं, "मॅडम, हितं बारीक पोटाचा कोण दिसतोय तुमाला?" मी टेप गुंडाळून ठेवली आणि त्याच्या दंडाला पट्टा लावला. पण दाब बरोबर निघाला, आणि दर तासाला उठून कारखान्याचं पाणी भरून आणायचं त्यानं कबूल केलं. पाळलं की नाही ते त्या मूर्तींना माहीत.

रोह्याची तऱ्हा वेगळी. वडील कंपनीत शिफ्टला. ते पहिल्या पाळीहून आले की ताट, दुसऱ्या पाळीला निघताना ताट, आणि पोरगं बापाला सोबत म्हणून प्रत्येक ताटाला बसतं. अष्टमीहून पूल ओलांडून क्लासला यायचं म्हणजे पायी दहा मिनिटं, तेवढ्यालाही स्कूटी. क्लासबाहेर चायनीज भेळेची गाडी. घरी आल्यावर मोबाईल, तो हातातून सुटेल तेव्हा झोप. मी एका आईला हे सगळं समजावून सांगितलं, तर ती माझ्याकडेच संशयानं बघत म्हणाली, खात्यापित्या घरचा पोरगा हाय सिस्टर, नजर नका लावू. माझी नजर टेपवर होती हे तिला पटवण्यात अर्धा तास गेला.

आता रक्तदाबाचं सांगते. बाहेरच्या माणसाला वाटतं, पट्टा गुंडाळला, हवा भरली, आकडा आला. तसं नसतं. पोर आधी पाच मिनिटं गप्प बसलेलं हवं. पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, दंड छातीच्या पातळीत. धावत आलेलं, लघवी तुंबवलेलं किंवा मित्राला कोपर मारणारं पोर खोटा आकडा देतं. पट्टाही दंडाच्या मापाचा हवा. जाड दंडाला आखूड पट्टा लावला की नसलेला दाब दिसतो. आमचा मोठा पट्टा बहुतेक वेळा दुसऱ्या पथकाकडे गेलेला असायचा. आणि दीडशे पोरांना पाच-पाच मिनिटं गप्प बसवायचं तर शाळेला मुक्कामच करावा लागला असता.

म्हणून आमच्या कामात एक लाडका आकडा होता. एकशे दहा बाय सत्तर. कुणालाही शोभेल असा, कुणी शंका घेणार नाही असा. दुपारी तीननंतर जीपचा हॉर्न वाजायला लागला की राहिलेल्या पोरांपैकी जी दिसायला धडधाकट, त्यांच्या कार्डावर मी तो टाकून द्यायची. पट्टा न लावता. बारीक, फिकट पोरांचा मात्र मोजायची, कारण काळजी मला त्यांचीच वाटायची. मी एकटीच असं करत होते असं नाही, पण माझ्या अक्षरातले आकडे माझेच.

पेणच्या खाडीपट्ट्यातल्या एका गावात स्नेहल नावाची मुलगी होती. मी सांगते आहे त्या फेब्रुवारीत ती नववीला होती. उभी राहिली की दार अडेल अशी अंगलट, आणि कबड्डीत उजव्या कोपऱ्याला उभी राहायची. तिनं चढाईला आलेलीचा घोटा धरला की सुटका नाही, असं तिचे खेळाचे सर मला अर्धा तास सांगत होते. मे महिन्यात जिल्ह्याच्या संघाची निवड होती. खाडीकडच्या त्या शाळेतून आजवर कुणी जिल्ह्याला गेलं नव्हतं. स्नेहल जाणार, हे सरांनी, गावानं आणि मुख्य म्हणजे स्नेहलनं ठरवून टाकलं होतं. सरांना खात्री, की तिची ताकद तिच्या त्या अंगातच आहे.

त्या दिवशी मोठा पट्टा आमच्याकडे होता आणि निवडीची मुलगी म्हणून मी तिला नीट बसवून मोजलं. एकशे चोपन्न बाय शंभर. मला वाटलं मशीन बिघडलं. मी तोच पट्टा स्वतःला लावून बघितला, मशीन ठीक होतं. पुन्हा मोजलं, डॉक्टरांनी मोजलं. आकडा हलेना. कमरेला दोरी लावली तर टोकं चार बोटं लांब राहिली. डॉक्टर तरुण होते, पण कामात चोख. त्यांनी तिला पेणच्या सरकारी दवाखान्यात दोन-तीनदा वेगवेगळ्या दिवशी बोलावलं, मूत्रपिंडापासून सगळं तपासून घेतलं. दुसरं काही निघालं नाही. म्हणजे पोट, मीठ, झोप आणि बसणं, हेच. त्यांनी स्पष्ट सांगितलं. चालणं, हलका व्यायाम करायचा, पण सामने आत्ता बंद. निवडीच्या आधी दाब एकशे चाळीस बाय नव्वदपर्यंत उतरला तर तंदुरुस्तीच्या दाखल्यावर सही करीन, नाहीतर नाही, आणि मग गोळीचंही बघू.

हे घरी समजावून सांगायचं काम माझं. तिची आई वंदनाताई पापडवाली. दिवाळीनंतर पाऊस येईपर्यंत तिच्या अंगणात गावातल्या सात-आठ बाया पोह्याचे पापड लाटायला बसतात. मी गेले तेव्हा नवीन पीठ मळून झालं होतं. वंदनाताईंनी त्यातली एक लाटी तोडली, तेलात बुडवली आणि बोलता बोलता हात बाजूला केला. "चाख गो." स्नेहलनं ती तोंडात टाकली, डोळे मिटले आणि निकाल दिला, "मीठ थोडा कमी हाय." सगळ्या बाया लाटणी थांबवून तिच्या निकालाची वाट बघत होत्या. तिच्या जिभेशिवाय त्या घरचं पीठ पास होत नव्हतं. लहानपणापासून दर हंगामात, दिवसाला प्रत्येक घाण्याच्या दोन-तीन लाट्या. मीठ, पापडखार आणि तेल. वर सराव झाला की वडापाव, आणि रात्री फोनवर कबड्डीचेच सामने. मला हसावं की रडावं कळेना.

मी सगळं सांगितलं. वंदनाताईंनी ऐकून घेतलं, हात पुसले, आत जाऊन शाळेचं आरोग्य कार्ड घेऊन आल्या.

"ह्या बगा," त्या म्हणाल्या. "मागल्या सालला बरोबर व्हता. तुमीच लिवलाय. एका सालात एवढा कसा वाढला?"

माझंच अक्षर. एकशे दहा बाय सत्तर. स्नेहलचा मागच्या वर्षीचा गाल मला आठवला, आणि मी तिला पुढे ढकललेलंही. मुलं वाढीची असतात, दाब बदलतो, असं काहीतरी बोलून सुटता आलं असतं. बाया ऐकत होत्या. पण समोर ती पोरगी तोंडात लाटी घेऊन बसली होती.

"ताई, मागच्या वर्षी मी मोजलाच नव्हता," मी म्हटलं. "पोरगी दणकट दिसली म्हणून लिहून टाकला."

वंदनाताईंनी कार्ड मिटून कमरेला खोचलं आणि पुन्हा लाटायला बसल्या. मला चहा मिळाला नाही, आणि खाडीकडच्या घरात असं होत नाही. जीपपर्यंत चालत येताना मला माझी इतकी लाज वाटली की ड्रायव्हरनं दोनदा विचारलं, काय झालं म्हणून. एक वर्ष. ते आधीच कळलं असतं, तर त्या पोरीला एक पूर्ण वर्ष मिळालं असतं.

स्नेहलनं मात्र कंबर कसली. चाखायचं काम आईनं स्वतःकडे घेतलं. पहिल्या आठवड्यात दोन घाणे खारट झाले म्हणे, आणि बाया कुरकुरल्या. वडापाव बंद. सकाळी ती बांधावरून खाडीपर्यंत भराभर चालत जायची आणि यायची. शनिवारी पेणला दवाखान्यात आमच्या पथकाचा दिवस असायचा, तेव्हा एसटीनं यायची, गुमान खुर्चीत बसायची आणि मी काही म्हणायच्या आत पाच मिनिटं घड्याळाकडे बघत राहायची. आकडा हळूहळू उतरत होता. एकशे पन्नास. एकशे अठ्ठेचाळीस. पोट दोन बोटं कमी झालं. मी घरी येऊन नवऱ्याला तिचे आकडे सांगायची. आमच्या जेवणात मीठ कमी झालं ते त्याच वेळी.

मे महिन्यात निवडीच्या आदल्या दिवशी ती दाखल्याचा कागद घेऊन आली. सर बाहेर मोटरसायकलवर थांबले होते. उंची, वजन, दाब मी भरायचा आणि डॉक्टरांनी खाली सही करायची, अशी पद्धत. त्या दिवशी डॉक्टरांच्या दाराशी वीस-पंचवीस माणसं होती. मी जे लिहीन त्यावर ते सही करणार होते.

पहिल्यांदा एकशे शेहेचाळीस आला. मी तिला पाणी दिलं, पंख्याखाली बसवलं. एकशे चव्वेचाळीस. पुन्हा थांबलो. एकशे बेचाळीस बाय ब्याण्णव. त्यानंतर कितीही थांबलो तरी तो तिथेच अडून बसला.

"मॅडम, दोनच हायत," ती म्हणाली.

मी म्हटलं, हो, दोनच.

तिनं कागद माझ्यापुढे सरकवला. "मागल्या सालला न मोजता बरोबर लिवलाव. आता मोजून लिवताय, तर दोन कमी लिवा."

नोकरीत मला शिव्या मिळाल्या आहेत, एकदा एका बापानं वजनकाटा फेकून मारला आहे. पण इतकं वर्मी मला कुणी बोललं नाही, आणि ती काही टोचायला बोलत नव्हती. ती सरळ विनवणी करत होती. तीन महिने बिचारी खाडीच्या वाऱ्यात चालली होती. मला द्यावंसं वाटलं. अगदी मनापासून वाटलं. एकशे चाळीस बाय नव्वद, पेन नुसतं टेकवायचं होतं. मग वाटलं, हिच्या बाबतीत एकदा केलेली चूक आता मी तिच्यावर उपकार म्हणून करायला निघाले आहे.

मी बेचाळीस बाय ब्याण्णव लिहिलं. डॉक्टरांनी वाचलं, तिला आत बोलावून चांगलं बोलले, पण सही केली नाही. ती बाहेर आली ती माझ्याकडे न बघता. मोटरसायकल सुरू झाल्याचा आवाज आला. सर त्यानंतर सहा महिने माझ्याशी बोलले नाहीत, आणि गावात मी "खेळू न देणारी बाई" झाले.

पुढच्या वर्षी स्नेहल खेळली. काही महिने एक गोळी लागली, दाब आटोक्यात आला, कमरेभोवतीची दोरी जुळली, आणि अंग उतरलं तरी पकड तशीच राहिली. तिच्या सामन्यांचं वर्णन तुम्हाला त्या गावात कुणीही सांगेल, माझ्यापेक्षा चांगलं. मला सांगायचं आहे ते त्या हुकलेल्या निवडीनंतरच्या शनिवारचं.

मी टेबलावर पट्टे लावत होते आणि दारात वंदनाताई उभ्या. एकट्याच. हंगाम ऐन भरात, आणि ही बाई अंगण सोडून एसटीनं पेणला आली, म्हणजे भांडायलाच. मी मनाची तयारी केली. म्हटलं, बोलू दे, तिचा हक्क आहे. मी बसा म्हटलं. त्या बसल्या, पदर खांद्यावरून मागे घेतला, बाही वर सारली आणि हात टेबलावर ठेवला.

"माजा बगा," त्या म्हणाल्या.

आधी कधी मोजलाय का, मी विचारलं. त्यांनी मान हलवली. बाळंतपणानंतर दवाखान्याची पायरी चढल्या नव्हत्या. डोकं दुखायचं, ते उन्हानं दुखतं असं समजून चालल्या होत्या.

मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "माज्या पोरीसाठी दोन खोटं लिवलाव नाय तुमी. तवा म्हटला, आता ही बाई लिवील ता खरा असंल."

मी फक्त सांगितलं, पाच मिनिटं गप्प बसायचं, बोलायचं नाही. त्या पंख्याकडे बघत बसल्या. मी घड्याळाकडे बघत बसले. पाच मिनिटं पूर्ण झाल्यावर मी पट्टा गुंडाळला, हवा भरली आणि सोडली. पुन्हा भरली.

"किती?"

"एकशे नव्वद बाय एकशे दहा."

"खरा?"

"खरा, ताई."

त्यांनी बाही खाली केली आणि केसपेपर माझ्याकडे सरकवला. "मग लिवा," त्या म्हणाल्या, आणि मी लिहिलं.